माणसाचा जंत आणि डुकराचा जंत : कूळ एक की दोन ?

मनुष्याच्या आतड्यात राहणारा मोठा गोल जंत खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब असून ती दिवसास सुमारे २ लाख अंडी घालते. विष्ठेवाटे ही अंडी मातीत पडतात, ओलसर व सावलीच्या जागी दोन ते चार आठवड्यांत रोगक्षम होतात आणि पुढे कित्येक वर्षे टिकू शकतात.

डुकराच्या आतड्यातही असाच जंत असतो. नुसत्या डोळ्यांनी दोहोंत भेद करता येत नाही. एकास १७५८ साली व दुसऱ्यास १७८२ साली शास्त्रीय नाव मिळाले. परंतु हे प्राणी खरोखर दोन आहेत काय, हा वाद मिटला नाही.

सजीवाचे आनुवंशिक गुण डीएनए या द्रव्यात चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेले असतात. (जंताची नवलाई अशी की, बीजपेशी वगळता त्याच्या इतर पेशी यातील काही मजकूर गर्भावस्थेतच टाकून देतात.) डुकराच्या जंताचा हा संपूर्ण लेख २०११ साली वाचून प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २७ कोटी अक्षरे व साडेअठरा हजार जनुके आढळली. नंतर केनियातील, जेथे डुकरे क्वचितच पाळली जातात अशा खेड्यांतील माणसांपासून मिळालेल्या ६८ जंतांचे लेख वाचण्यात आले व २०२० साली ते प्रसिद्ध झाले. ते डुकराच्या जंताच्या लेखाशी फार जुळणारे निघाले, आणि दोहोंचा संकर होत आल्याच्या खुणाही दिसल्या.

शेतकऱ्यास याचे महत्त्व आहे. जेथे डुकरे मोकाट हिंडतात तेथे केवळ माणसांना औषध देऊन काम संपले असे मानणे धोक्याचे होय. दुसरे असे की, जंतांत जितकी विविधता अधिक, तितका औषधास दाद न देणारा एखादा प्रकार निपजण्याचा संभव अधिक. मेंढ्या-शेळ्यांच्या जठरातील कृमींबाबत हे घडलेच आहे. एकाच गटाचे औषध वारंवार दिल्याने ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेले कृमी तेवढे उरले व वाढले.

ग्रामसेवकांनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी आल्बेंडाझोलची गोळी मिळते की नाही हे पाहावे. दोन खड्ड्यांच्या शौचकूपाचा भरलेला खड्डा किमान एक वर्ष, शक्य तर दोन वर्षे, बंद ठेवूनच त्यातील खत काढावे. ताजे सोनखत भाजीच्या वाफ्यास कदापि घालू नये. डुकरे कोंडवाड्यात ठेवावीत व त्यांची विष्ठा वेगळी कुजवावी. मुळा, गाजर, कोथिंबीर ही कच्ची खावयाची असल्यास वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुवावीत.