विवाह की सहजीवन : कायद्याच्या कसोटीवर

भारतीय समाजजीवनात विवाहसंस्थेला मध्यवर्ती स्थान आहे. मात्र शिक्षण व नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांची संख्या मोठी असलेल्या महानगरांत विवाहाविना सहजीवनाचा (लिव्ह-इन) पर्यायही स्वीकारला जात आहे. दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या जोडप्याने विवाह करावा की नाही, याची चर्चा बहुधा नैतिकतेच्या अंगाने होते. संबंध तुटल्यावर कोणाला कोणते संरक्षण मिळते, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र असलेल्या बंगळुरूमध्ये सुरू झालेल्या एका खटल्याने ती स्पष्ट केली.

बंगळुरूचा खटला

खाजगी कंपनीत काम करणारी एक अविवाहित स्त्री व तेथीलच एक विवाहित पुरुष यांचे संबंध सुमारे १८ वर्षे टिकले. ते संपुष्टात आल्यावर तिने ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ अन्वये बंगळुरूच्या दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा १८,००० रुपये निर्वाहखर्च मंजूर केला व सत्र न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला.

‘इंद्रा सर्मा विरुद्ध व्ही. के. व्ही. सर्मा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१३ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. सहजीवन हा गुन्हा नाही व पापही नाही, असे न्यायालयाने नमूद केले. तथापि, पुरुष विवाहित असल्याचे स्त्रीला ठाऊक असल्याने हा संबंध ‘विवाहसदृश’ ठरत नाही, असा निर्वाळा दिला. पुरुष विवाहित असल्याचे माहीत नसलेल्या स्त्रीला मात्र परिस्थितीनुसार संरक्षण मिळू शकते, असेही स्पष्ट केले.

विवाहसदृश संबंधांच्या कसोट्या

२००५ च्या अधिनियमातील कौटुंबिक संबंधांच्या व्याख्येत विवाहसदृश संबंधांचा समावेश आहे. त्यांची स्वतंत्र व्याख्या मात्र नाही. ती उणीव न्यायनिर्णयांनी भरून काढली. २०१० च्या वेलुसामी खटल्यात चार अटी सांगितल्या गेल्या : समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरणे, विवाहयोग्य वय, विवाहास कायदेशीर पात्रता आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहणे. २०१३ च्या निकालाने संबंधांचा कालावधी, सामायिक घर, आर्थिक व्यवहार, घरगुती जबाबदाऱ्या, शारीरिक संबंध, अपत्ये, समाजातील वावर व उभयतांचा हेतू हे निकष दिले.

दोन पर्यायांतील अंतर

विवाहामुळे हक्क पहिल्या दिवसापासून प्राप्त होतात. सहजीवनात ते बहुधा संबंध तुटल्यावर न्यायालयात सिद्ध करावे लागतात आणि पुराव्याचा भार आर्थिकदृष्ट्या दुर्बल जोडीदारावर पडतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाची विधवा प्रथम वर्गातील वारस असते. सहजीवनातील जोडीदाराला असे स्थान नाही. दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे गृहीत धरता येते, परंतु हे गृहीतक खंडनीय आहे. शिवाय, २००५ च्या अधिनियमाखाली केवळ स्त्रीच दाद मागू शकते.

दुसरीकडे, विवाह संपविण्यासाठी न्यायालयीन प्रक्रिया पार पाडावी लागते. सहजीवनातून कोणत्याही प्रक्रियेविना बाहेर पडता येते. हे त्यातील स्वातंत्र्य आहे आणि धोकाही तोच आहे.

पुढील दिशा

कर्नाटक उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश व्ही. एस. मळीमठ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्येच, दीर्घकाळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीलाही पोटगीचा हक्क देण्याची शिफारस केली होती. २०१३ च्या निकालात न्यायालयानेही संसदेने या प्रश्नाचा विचार करावा, असे सुचविले. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने २७ जानेवारी २०२५ पासून सहजीवनाची नोंदणी बंधनकारक केली व सोडून दिलेल्या स्त्रीला निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. नोंदणीमुळे पुरावा तयार होतो. परंतु २०१७ मध्ये मूलभूत ठरलेल्या खाजगीपणाच्या हक्कावर त्यामुळे अतिक्रमण होते, असा आक्षेप आहे.

विवाह करावा की केवळ एकत्र राहावे, हा निर्णय प्रौढ व्यक्तींचाच आहे. तो घेताना कोणत्या पर्यायात कोणते हक्क मिळतात, याची जाण दोघांनाही असणे आवश्यक आहे. निवडीचे स्वातंत्र्य अबाधित राखून दुर्बल जोडीदार व अपत्ये यांना संरक्षण देणे, हेच कायद्यापुढील खरे आव्हान आहे.