एकाच ढिगावर दोन हजेऱ्या



या पानावर मी बेणे, खत, पाणी एवढ्यावरच लिहीत आलो. कायदा हा माझा विषय नव्हे, शेतकी पदविकेत तो शिकवलाही नव्हता. पण मागल्या लागणीला बेणेमळ्यात एका आक्कांनी मला विचारले, "साहेब, टिपरी सारखीच तोडली, मग हजेरी कमी का?" त्या दिवशी दोन डोळ्यांची टिपरी तोडायला गडी आणि बायका एकाच ढिगावर बसली होती. हजेरीपटावर बाईला दीडशे रुपये कमी लागले होते आणि खाली सही माझी होती. "पहिल्यापासून असंच आहे," एवढेच मी बोललो. ते काही उत्तर नव्हे. म्हणून मग विचारून, वाचून जे कळले ते इथे मांडतो.

समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. तेच काम किंवा तशाच प्रकारचे काम असेल तर स्त्री-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. बरोबरी करण्यासाठी गड्याची हजेरी खाली आणायलाही बंदी आहे. हे लक्षात ठेवा, कारण ही युक्ती सगळ्यांना आधी सुचते.

"गडी जड काम करतो" असे आपण म्हणतो. मोळ्या वाहिल्या त्या दिवशी ते ठीक. पण टिपरी तोडायला कसले जड काम? उलट डोळा न दुखवता तोडण्यात बायकांचा हात जास्त बसलेला असतो, हे मी रोज पाहतो.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. एका बाईंनी दावा लावला. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालाय, शिवाय परिस्थिती बेताची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दोन्ही सबबी नाकारल्या. म्हणजे "परवडत नाही" हे आपले नेहमीचे वाक्य तिथे टिकले नाही.

आता कामगाराने करायचे काय? पहिले म्हणजे लिहून ठेवायचे: तारीख, काम, सोबत कोण होते, किती मिळाले. स्वतःला लिहिता येत नसेल तर पोराबाळांकडून वहीत उतरवून घ्यावे. मग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिला हे सिद्ध करणे अवघड जाते. तिथे दाद लागली नाही तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. तो स्वतः, आपण सभासद असलेल्या नोंदणीकृत युनियनमार्फत किंवा निरीक्षकामार्फत करता येतो. वर्षाला शंभर दिवस धरा: दीडशे रुपयांच्या फरकाने पंधरा हजार, तीन वर्षांचे पंचेचाळीस हजार. एका पोरीचे शिक्षण होते त्यात.

सगळा भेदभाव मात्र मजुरीचाच नसतो. पाण्याचा तांब्या जातीवरून वेगळा ठेवला तर तो मजुरीचा तंटा नव्हे, गुन्हा आहे. त्यासाठी पोलीस ठाणे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत करायची. दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुकादमाने मर्जीतल्यांनाच हलके काम दिले, तर पात्रता न पाहता केलेला असा पक्षपात औद्योगिक संबंध संहितेत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेला आहे. त्यासाठी युनियनकडे जावे.

खुरपणीला आपल्या रानात येणाऱ्या बायकांचा हिशोबही सभासदांनी घरी एकदा मांडून पाहावा. बेणेमळ्याचा दर एक करावा अशी टिपणी मी कार्यालयाकडे दिली आहे. निर्णय अजून आलेला नाही. आला की इथेच छापू. खोडव्यातील पाचटाविषयी लिहायचे होते, ते पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी