ओलमापक यंत्रांतील विजेचा उपद्रव : परीक्षा व उपाय

रावेर-यावलकडील केळीचे बागाईतदार असोत, कीं धुळें-शिरपूरकडील कपाशीचे कास्तकार असोत, पाणी केव्हां द्यावें हा प्रश्न उभयतांस सारखाच आहे. त्याकरितां कोणी हौशी शेतकरी ओलमापक यंत्र घरींच जुळवितात. परंतु विहिरीवरील मोटार सुरू होतांच त्याचे आंकडे नाचूं लागतात. अशा आंकड्यांवर विसंबून काळ्या जमिनींत फाजील पाणी दिल्यास मुळें गुदमरतात. पाणी चुकविल्यास पीक ताण खातें. म्हणून या दोषाचा शोध कसा घ्यावा हें आम्ही येथें सांगतों.

जिप्समच्या ठोकळ्यांत दोन तारा बसवून त्यांमधील विद्युत्-रोधावरून ओल ओळखण्याची रीत अमेरिकेंत मिशिगन येथें बॉयूकस व मिक यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केली. ओल घटली कीं रोध वाढतो. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आंदोलनें करते व शेजारच्या तारेवर तीं उमटतात. आर्दुइनो उनोच्या पट्टीवर ५ व्होल्टचे १०२४ भाग पडतात, म्हणजे एक भाग सुमारें ५ मिलिव्होल्टांचा. तेव्हां ५० मिलिव्होल्टांच्या उपद्रवानेंही आंकडा दहा भाग हालतो. रोध जितका मोठा तितका हा उपद्रव अधिक. अर्थात् जमीन वाळून पाण्याचा निर्णय घेण्याची वेळ येते, नेमका तेव्हांच आंकडा अधिक फसवितो.

जमाखर्चाचा ताळा जुळेना, तर चूक कोणत्या वहींत शिरली हें प्रथम पाहावें लागतें. येथेंही तसेंच करावें.

(१) ठोकळ्याची तार सोडून यंत्राचीं प्रवेशाचीं दोन टोकें आंखूड तारेनें एकमेकांस जोडावीं. आंकडा तरीही नाचला तर दोष यंत्रांत किंवा चार्जरांत. स्थिर राहिला तर बाहेरील तारेंत.

(२) चार्जर काढून यंत्र बॅटरीवर चालवावें. उपद्रव गेला तर तो चार्जरमधून येत होता.

(३) मोटार चालू-बंद करून पाहावी. केवळ त्या क्षणींच आंकडा उसळला तर तो स्टार्टरचा झटका समजावा. यंत्र बॅटरीवर असून, तारा दूर नेऊनही, मोटार चालते तोंवर आंकडा नाचत राहिला, तर मोटारीची वीज जमिनींत झिरपत असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं मोटार बंद ठेवून जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. ओल्या बागेंत ही गोष्ट प्राणघातक आहे.

उपाय अल्प खर्चाचे आहेत. ठोकळ्याच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन न्याव्या. त्या मोटारीच्या केबलपासून दूर ठेवाव्या. ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडाव्या. जाळीचें वेष्टण असलेली तार घेतल्यास तें वेष्टण यंत्राच्या बाजूसच, एकाच टोकास, यंत्राच्या शून्य-तारेस जोडावें. एवढें झाल्यावर एकपंचमांश सेकंदांत समान अंतरानें पुष्कळ वाचनें घेऊन त्यांची सरासरी काढावी. तितक्यांत विजेचीं दहा पूर्ण आंदोलनें होतात व त्यांची चढउतार परस्परांस छेदते. मात्र आंकडा शून्यास किंवा १०२३ ला जाऊन टेकत असेल, तर ही सरासरी खोटी ठरते.

अर्थिंगची तार काढल्यानें उपद्रव क्वचित् कमी होतो. पण तसें कदापि करूं नये. आंकडा स्थिर झाल्यावरही प्रथम कांहीं दिवस मुळांजवळची माती मुठींत दाबून ताडा घ्यावा, व मगच यंत्रावर पाण्याची पाळी ठरवावी.