बस आली नाही ती सकाळ

आयटी पार्कमधल्या नोकरीसाठी आम्ही पुण्याहून चंदीगडला आलो, मनीमाजऱ्यात राहू लागलो. लेक तेव्हा सहा वर्षांचा होता, स्वमग्न. इकडे उन्हाळ्याची सुट्टी मेअखेरीला लागते आणि शाळा जुलैत उघडते. पहिल्याच सुट्टीत माझी चूक झाली. आदल्या रात्री त्याला नुसतं सांगितलं, "उद्यापासून सुट्टी, मज्जा!"

सकाळी सातला तो गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभा होता. सात-दहाची बस आली नाही. सात-वीसला त्याने फाटकाच्या कडीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. मी त्याला ओरडत घरात ओढून नेलं, ही दुसरी चूक. त्यानंतर महिनाभर त्याची झोप उडाली आणि येत असलेले शब्दही गेले.

तो हट्ट नव्हता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लिहिलेल्या निबंधात सगळं जसंच्या तसं राहावं ही धडपड नोंदवली आहे, आणि त्यामागची धास्तीही. आमच्या लेकासाठी बस म्हणजेच सकाळ. 'सुट्टी' हा शब्द त्याने ऐकला होता, पण ती किती दिवसांची आणि संपते कधी, हे त्याला दिसलं नव्हतं.

आता पंधरा दिवस आधीच फ्रिजवर कॅलेंडर लागतं. शाळेच्या दिवसांवर बसचं चित्र, सुट्टीच्या दिवसांवर घराचं, आणि जुलैत पुन्हा बस. रोज रात्री एक चौकोन तो स्वतः खोडतो. पुढची बस दिसत राहिली की त्याला धीर येतो. उठणं, आंघोळ, नाश्ता ठरल्या वेळी. सात-दहाला आम्ही सुखना तलावाकडे निघतो. परतताना ऊन चटके देतं, तरी वेळ बदलत नाही. पुण्याला जायचं तर स्टेशन, बर्थ, आजीचं दार यांचे फोटो आधी दाखवतो.

पण घड्याळाचे गुलामही होऊ नका. आठवड्यातून एकदा मी मुद्दाम लहानसा बदल करते, पोह्यांऐवजी शिरा, आणि त्याच्या दिनक्रमाच्या चित्रांच्या पाटीवर 'आज बदल' अशा अर्थाचं पिवळं कार्ड लावते. पुण्याला जाताना गाडी उशिरा आली तेव्हा तेच कार्ड कामी आलं. आणि मूल कपाळ आपटायला लागलंच तर मध्ये आपला हात घाला, बोलू नका. समजावणं नंतर.

शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर शाळेच्या फाटकापर्यंत एक-दोन फेऱ्या मारा. सुट्ट्यांची यादी शाळेकडून सत्राच्या सुरुवातीलाच लेखी मागून घ्या.