गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे
(बैठक कशी आखावी, कशी चालवावी : एक अभ्यास)



शाळा उघडल्या की बैठकांचाही हंगाम सुरू होतो. शिक्षकांची बैठक, धर्मग्राम परिषदेची बैठक, महिला मंडळ, व्हिन्सेंट डी पॉल संस्था, बचत गट. आपल्यापैकी पुष्कळांना यातली एखादी बैठक घ्यावी लागते आणि उरलेल्यांना तिला बसावे लागते. बसणारे म्हणतात, "वेळ फुकट गेला." घेणारे म्हणतात, "कोणी बोलतच नाही." आमच्या मते दुखणे एकच आहे. ते आम्हांला कसे कळले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या शाळेची जबाबदारी आमच्याकडे होती. दुपारी जादा वर्ग घेता यावेत म्हणून वरच्या वर्गांची शाळा सकाळी सव्वासातला भरवावी, असे आमच्या मनात आले. शनिवारी शिक्षकांना बोलावले, कल्पना मांडली आणि विचारले, "कुणाची काही हरकत?" सगळे गप्प. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "चालेल, फादर." वीस मिनिटांत बैठक आटोपली. आम्ही खुशीत होतो, कारण लवकर संपलेली बैठक ती चांगली, असा आमचा समज होता.

पंधरा दिवसांत आठवी-नववीची हजेरी घसरली. वस्त्यांवरून येणारी पहिली एसटी पावणेआठला येत असे. उशिरा येणाऱ्या मुली आधी दाराबाहेर उभ्या राहू लागल्या, मग यायच्याच बंद झाल्या. एका मुलीच्या घरी गेलो, तर आई म्हणाली, "रोज बोलणी खाण्यापरीस घरी बसलेली बरी." एसटीची वेळ शाळेत सर्वांत चांगली कुणाला ठाऊक होती? फाटकावर उभे राहणाऱ्या शिपाईमामांना. त्या दिवशी बैठकीत ते आले होते, पण चहा घेऊन. एका बाईंना आम्ही विचारले, "तुम्हांला माहीत होते, मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही ठरवूनच आला होतात."

या उत्तराने आम्हांला बरेच दिवस झोप लागू दिली नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो. वेरूळला गेलेला माणूस आधी कैलास लेण्याकडे धावतो, ते साहजिकच आहे. पण दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांत पाच क्रमांकाचे लेणे आहे, तिथे आमचे पाय थबकले. सुमारे पस्तीस मीटर खोल असे ते दालन. खांबांच्या दोन रांगा, आणि मधोमध पुढपासून आतपर्यंत गेलेले दगडात कोरलेले दोन लांबच लांब, बुटके बाक. इथे भिक्खू जेवत की पठणाला बसत, यावर अभ्यासक वेगवेगळी मते देतात. आम्हांला दिसले ते एवढेच, की बाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीचे आहेत. आमच्या बैठकीत मात्र आमची खुर्ची हातांची होती आणि शिक्षक मुलांच्या बाकांवर बसले होते.

भिक्खुसंघाच्या सभेचे नियम विनयपिटकात आहेत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ते आम्ही वाचले होते, पण त्यांचा खरा अर्थ तिथे, त्या दालनात उमगला. चार भिक्खू असल्याशिवाय संघ म्हणून काम होत नसे. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायची असे. विषय आधी प्रस्ताव म्हणून मांडायचा, त्याला ज्ञप्ती म्हणत. महत्त्वाच्या कामात त्यानंतर तोच प्रस्ताव तीनदा घोषित करायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या वाटून मते मोजायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात याचीच आठवण करून दिली होती : प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे या देशातील भिक्खुसंघाला ठाऊक होते.

म्हणजे त्यांच्याकडेही मौन हा होकारच मानला जाई. मग आमचे काय चुकले? त्यांचे मौन तीन वेळा विचारल्यानंतरचे होते, आणि बोलणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे हे सर्वांना माहीत होते. आमच्या बैठकीतले मौन पगारपत्रकावर सही करणाऱ्यासमोरचे होते. दोन्ही मौने कानाला सारखीच ऐकू येतात. बैठक घेणाऱ्याचे पहिले काम ती वेगळी ओळखण्याचे आहे.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ घरी सवडीने वाचा. परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही, असा तो प्रश्न होता. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी बराच वाद झाला, आणि तो होऊ दिला गेला. मग पेत्राने अनुभव सांगितला. मग बर्णबा व पौल यांनी प्रत्यक्ष काय घडले ते सांगितले आणि सभा शांतपणे ऐकत राहिली. याकोब बोलला तो सर्वांत शेवटी. ठरले ते लगेच पत्रात लिहिले. पत्र मोजक्या ओळींचे, आणि ते अंत्युखियाला कोण नेणार त्यांची नावेही ठरली : यहूदा बर्सब्बा आणि सीला. आपल्या किती बैठकांत "बघू या कोणीतरी" यावर विषय संपतो!

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले. त्यातील तिसरा अध्याय सल्लामसलतीचा आहे. महत्त्वाचे काम असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावे, विषय स्वतः समजावून सांगावा, सर्वांचे ऐकावे आणि मग ठरवावे. सगळ्यांना अशासाठी, की योग्य ते देव पुष्कळदा धाकट्याला सुचवतो. हे वाचताना आम्हांला चहाचा ट्रे घेतलेले शिपाईमामा आठवतात.

ऐकायचे तर तयारी हवी. ॲरिस्टॉटल म्हणतो, की माणूस विचारविनिमय करतो तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींविषयी. जे आपल्याला बदलताच येत नाही त्याविषयी नव्हे. विषयपत्रिका करताना हा निकष फार उपयोगी पडतो. वरून आलेले परिपत्रक वाचून दाखवायला पंधरा माणसे बसवू नयेत, ते फलकावर लावावे. जे आम्ही आधीच ठरवले आहे, ते "ठरले आहे" असे स्पष्ट सांगावे. सल्ला मागण्याचे सोंग करू नये. राहिले ते प्रश्न खरोखर विचारायचे. असे प्रश्न दोन-तीनच निघतात, आणि एका बैठकीला तेवढे पुरतात. ते प्रश्नाच्या रूपातच लिहावेत. "शाळेची वेळ" असे लिहिले तर कोणी विचार करून येत नाही. "सव्वासातला शाळा भरली तर कुणाला पोचता येणार नाही?" असे लिहिले असते, तर उत्तर घेऊनच माणसे आली असती. हा कागद निदान तीन-चार दिवस आधी हातात पडावा.

याबाबत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाकडून शिकण्यासारखे आहे. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात विषयाची माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे, उलटसुलट बोलायचे. तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एखाद्याचे समाधान होत नसेल तर विषय पुढे ढकलायचा. यात वेळ जातो हे खरे. पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. शाळेच्या शिक्षकवर्गाला सर्वसहमती नेहमीच परवडणार नाही. अभ्यास आणि निर्णय एकाच तासात उरकू नये, एवढे तरी घेता येईल.

प्रत्यक्ष बैठकीविषयी थोडेसे. आम्ही आता खुर्च्या गोल मांडतो. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सिनडलाही पोप फ्रान्सिस यांच्यासह सर्व जण गोल टेबलांभोवती बसले होते. प्रत्येकाने पाळीने बोलायचे, इतरांनी मध्ये तोंड घालायचे नाही, मग थोडी शांतता आणि प्रार्थना, आणि दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले ते सांगायचे. आम्ही हे पंधरा जणांत करून पाहिले. पहिल्या वेळी अवघडल्यासारखे झाले आणि एका सरांनी "पास" म्हटले. तिसऱ्या महिन्यात तेच सर सर्वांत जास्त बोलले, इतके की त्यांना घड्याळ दाखवावे लागले. सर्वांत नवीन शिक्षकापासून सुरुवात करतो आणि आम्ही शेवटी बोलतो. ते अवघड जाते. आम्हां धर्मगुरूंना प्रवचनाची सवय ना!

कोणी म्हणेल, शेवटी निर्णय तर फादरच घेणार. धर्मग्राम परिषदेपुरते ते खरे आहे. १९८३ च्या धर्मविधान संहितेतील कलम ५३६ नुसार परिषदेचे मत सल्ल्याचे असते. पण सल्ला देणाऱ्याला आपले ऐकले गेले का, हे कळायला हवे. म्हणून सल्ल्याच्या विरुद्ध ठरवायची वेळ आली तर आम्ही कारण सांगतो आणि ते इतिवृत्तात लिहायला लावतो. इतिवृत्त एक पानाचे असावे : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक त्याच पानावरून सुरू करावी.

त्या शाळेची वेळ पुढच्या महिन्यात पुन्हा सव्वादहा केली. त्या बैठकीला शिपाईमामा बसले होते, चहा आम्ही आणला. त्यांनी खिशातून एसटीच्या वेळा लिहिलेला कागद काढला आणि शनिवारची दुपारची गाडी वेगळी असते, हेही सांगितले. ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. येणे बंद केलेल्या मुलींपैकी बहुतेक परत आल्या. जिच्या घरी आम्ही गेलो होतो, ती तेवढ्यात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती.