स्कूटरचे गिअर ऑइल कधी बदलावे? गाडीतून शिकू या थोडे विज्ञान, थोडे गणित



आपल्यापैकी बरेच जण रोज स्कूटरवरून शाळेत जातो, मुलांना मागे बसवून नेतो-आणतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की मेकॅनिक सांगतो, "मॅडम, ऑइल बदललंय." आपण पैसे देतो आणि निघतो. पण कोणतं ऑइल, हे आपण विचारतो का? मीही चार वर्षं विचारलं नव्हतं.

एके दिवशी मुलीला मागे बसवून घरी येत होते. उतारावर मागचा ब्रेक दाबला, तर गाडी नीट थांबेचना. पुढच्या ब्रेकने सावरलं. मेकॅनिकने मागचं चाक काढलं, तर आतला ब्रेक तेलाने माखलेला. ऑइल सील खराब होऊन गिअर ऑइल ब्रेकवर आलं होतं. उरलेलं तेल काळंकुट्ट, त्यात धातूची चमकणारी भुकटी. त्या दिवसापासून हा विषय मी समजून घेतला. तोच इथे मांडते.

गिअरलेस गाडीत गिअर कुठून आले?

आपण गिअर बदलत नाही, म्हणून गाडीत गिअर नाहीत असं नाही. इंजिनची शक्ती आधी बेल्टने मागे येते. तिथे चाकाजवळ एक छोटी बंद पेटी असते. तिच्यातले दातेरी गिअर वेग कमी करतात आणि चाकाला जोर देतात. १० दात्यांचं चाक ३० दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर लहान चाकाचे ३ फेरे म्हणजे मोठ्याचा १ फेरा. या पेटीतलं तेल म्हणजे गिअर ऑइल. ते इंजिन ऑइलपासून पूर्ण वेगळं असतं. एक बदललं म्हणून दुसरं बदललं जात नाही.

इंजिन ऑइलजवळ इंधन जळतं, म्हणून ते लवकर खराब होतं. गिअर ऑइलचं तसं नाही, ते जास्त टिकतं. म्हणूनच ते विसरलं जातं! पण दाते एकमेकांवर घासून धातूचे बारीक कण त्यात मिसळतात, कधी ओलावा शिरतो. तेलाचा चिकटपणाही हळूहळू कमी होतो.

मग बदलायचे कधी?

पहिलं उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतं. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तोच प्रमाण मानावा. पुस्तिका हरवली असेल, तर साधारण ८ ते १० हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल ते धरावं. पण पुढील खुणा दिसल्या तर वाट पाहू नका :

१) मागच्या चाकाजवळ तेलाचा ओलसर डाग.
२) वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ असा आवाज.
३) काढलेलं तेल दुधासारखं पांढरट. म्हणजे आत पाणी गेलंय. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की तपासा.
४) मागचा ब्रेक अचानक कमी लागणे. हे दिसलं तर गाडी चालवूच नका, आधी दाखवा.

गिअर ऑइल लागतं अगदी थोडं. बऱ्याच स्कूटरना १०० ते १५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या कपाएवढं. "थोडं जास्त टाका दादा" असं म्हणू नका. जास्त झालेलं तेलही सीलमधून बाहेर येऊ शकतं. तेलाचा प्रकारही पुस्तिकेत दिलेलाच वापरावा. बोल्टखालचा वॉशर बघून घ्यावा. जुनं तेल गटारात किंवा मातीत न ओतता गॅरेजमध्येच द्यावं.

वर्गात काय घेता येईल?

माझ्या चौथीच्या मुलांनी स्कूटरच्या मागच्या चाकाभोवती दोरा गुंडाळून मोजला. भरला १३६ सेंटिमीटर. (गाडी बंद, मेन स्टँडवर, आणि आपण शेजारी हवंच.) १ किलोमीटर म्हणजे १,००,००० सेंटिमीटर. भागाकार केला, तर चाकाचे साधारण ७३५ फेरे! माझं शाळेत जाणं-येणं २८ किलोमीटर. म्हणजे रोजचे वीस हजारांहून जास्त फेरे, आणि ते सगळे त्या कपभर तेलावर. मुलं थक्क झाली.

पुढचं गणित : २८ × २०० दिवस = ५,६०० किलोमीटर. बाजार, प्रशिक्षणं धरून वर्षाचे सात हजार. म्हणजे चार वर्षांत अठ्ठावीस हजार, आणि तेल एकदाही बदललेलं नाही! एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, मग तुमचंच चुकलं." खरंच होतं ते.

आता माझ्या डिकीत एक छोटी वही असते : तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल. तुम्हीही आज एवढंच करा. जुनी बिलं काढा आणि त्यात "गिअर ऑइल" हा शब्द आहे का ते शोधा. नसेल, तर पुढच्या वेळी मेकॅनिकला नाव घेऊन विचारा. आपल्या मागे बसलेल्या लेकरासाठी एवढं तर आपण करूच शकतो.