देणं म्हणून कबूल नसलेले दावे

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब खात्यात माझी बरीच वर्षं गेली. मार्च संपला की वार्षिक अहवालातली एक टीप तयार करायचं काम ठरल्याप्रमाणे माझ्याकडे यायचं: ‘संभाव्य देणी आणि बांधिलक्या’. भागधारक अध्यक्षांचं पत्र वाचतात, लाभांश बघतात; या पानापर्यंत फारसं कुणी येत नाही. त्यातली एक ओळ मात्र बहुतेक कंपन्यांच्या अहवालात सापडते: ‘कंपनीवरील दावे, जे देणं म्हणून कबूल केलेले नाहीत.’ त्या ओळीपाशी बसून जे शिकलो ते असं.

१. आकड्याच्या आधी मत ठरतं.
भारतीय लेखा मानक ३७ मध्ये तीन खण आहेत. पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर तरतूद करायची. ती थेट नफ्यातून वजा होते. शक्यता आहे पण तेवढी नाही, तर नुसती टीप द्यायची, नफ्याला धक्का नाही. शक्यता अगदीच दूरची असेल तर टीपही नाही. म्हणजे दहा कोटींची एकच नोटीस तीन कंपन्यांत तीन ठिकाणी जाऊ शकते. कुठे जायचं हे वकील, करसल्लागार, वित्तप्रमुख आणि ऑडिटर एका टेबलाभोवती बसून ठरवतात. तेव्हा ही टीप मोजदाद म्हणून वाचू नये, जबाबदार माणसांचं मत म्हणून वाचावी.

२. वकिलाचं पत्र मागच्या वर्षीच्या पत्राशेजारी ठेवून वाचावं.
दर एप्रिलला आम्ही सगळ्या वकिलांना प्रत्येक खटल्यावर लेखी मत मागायचो. उत्तरं साच्यातली असायची. एका वर्षी आमच्या ऑडिटर मॅडमनी एका कर-प्रकरणाची दोन पत्रं शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने दोन जागी रेघ मारली. आधीच्या वर्षी होतं, ‘कंपनीची बाजू अत्यंत भक्कम आहे.’ नव्या पत्रात होतं, ‘कंपनीची बाजू मांडण्याजोगी आहे.’ रक्कम तीच, कलम तेच, सहीही तीच. मॅडमनी एवढंच विचारलं, “मधल्या काळात काय झालं?” फोन लावल्यावर कळलं की दुसऱ्याच एका कंपनीच्या तशाच प्रकरणात न्यायाधिकरणाने खात्याच्या बाजूने निकाल दिला होता. त्या दुपारी ती रक्कम टिपेतून उठून तरतुदीत गेली.

३. नोटिशीतला आकडा ऐकून छाती दडपू देऊ नये.
जुलै २०२४ मध्ये इन्फोसिसला जीएसटीची ३२,४०३ कोटींची पूर्वनोटीस आली. कंपनीच्या अख्ख्या वर्षाच्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी, त्यामुळे मथळे झळकले. परदेशातल्या शाखांनी दिलेल्या सेवांवर कर लागतो का, हा वाद होता. २०१७-१८ या वर्षाचा भाग पुढच्याच महिन्यात मिटला, उरलेल्या वर्षांची कारवाई जून २०२५ मध्ये बंद झाली.
आयटी कंपन्यांच्या टिपांमध्ये प्राप्तिकराच्या कलम १०-अ चे, म्हणजे निर्यात नफ्यावरच्या करसवलतीचे, वादही असेच वर्षानुवर्षं मुक्कामाला होते. निर्यात उलाढालीतून एखादा खर्च वगळला, म्हणजे सूत्रातला अंश कमी केला, तर एकूण उलाढालीतून, म्हणजे छेदातूनही तो वगळायचा की नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एचसीएल टेक्नॉलॉजीजच्या प्रकरणात ‘वगळायचा’ असं सांगितलं. करदात्या कंपन्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला.

४. जुनी झाली म्हणून ओळ मेली असं समजू नये.
दूरसंचार कंपन्यांचा परवाना शुल्काचा वाद, म्हणजे एजीआरचा, इतका लांबला होता की बाजाराला त्याची सवय झाली होती. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा जाहीर व्हायच्या असलेल्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या निकालांत व्होडाफोन आयडियाने ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला, एअरटेलने २३,०४५ कोटींचा.
शिकवणीसाठी मी दुसरं उदाहरण देतो, टीसीएस आणि एपिक सिस्टिम्सचं. एपिक ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची, रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. गोपनीय माहिती चोरल्याच्या आरोपावरून तिने २०१४ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये ज्यूरीने ९४ कोटी डॉलर ठोठावले. पुढे न्यायाधीशांनी ते ४२ कोटींवर आणले. २०२० मध्ये अपील न्यायालयाने १४ कोटींची भरपाई कायम ठेवली आणि दंडात्मक रक्कम तेवढ्याहून जास्त नको म्हणून बजावलं. टीसीएसने सप्टेंबर २०२० च्या तिमाहीत १,२१८ कोटी रुपयांची तरतूद केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा डिसेंबर तिमाहीत आणखी ९५८ कोटी खर्ची पडले. हा एकच खटला ओळीने सगळ्या वर्षांच्या अहवालांत वाचावा. मत कसं सरकतं ते त्यात दिसतं.

५. आकडा नसलेली टीप दोनदा वाचावी.
फेब्रुवारी २०१९ मध्ये भविष्य निर्वाह निधीसाठी कोणते भत्ते मूळ वेतनात धरायचे यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या वर्षी अनेक कंपन्यांनी लिहिलं की मागील काळाचा परिणाम आज ठरवता येत नाही. पगारावर चालणाऱ्या धंद्यात हे वाक्य साधं नसतं.
याच्या उलटही घडतं. सत्यम घोटाळ्यानंतर ३७ कंपन्यांनी सत्यमला १,२३०.४० कोटी आगाऊ दिल्याचा दावा केला. नव्या व्यवस्थापनाने तो मान्य केला नाही, पण रक्कम उचंत खात्यात वेगळी ठेवली. २०१३ च्या विलीनीकरणानंतर ती टेक महिंद्राच्या ताळेबंदात आली. आकडा समोर, तरी देणं कबूल नाही.

६. बांधिलकी दिसली की घाबरू नये, धंद्याशी ताडून पाहावी.
ऑर्डर दिली पण माल आला नाही, इमारतीचं कंत्राट झालं पण काम बाकी आहे, ही भांडवली बांधिलकी. वाढत्या कंपनीत ती असणारच. बँक गॅरंटीकडे मात्र नीट पाहावं. सरकारी कामासाठी कामगिरीची गॅरंटी द्यावी लागते आणि तिच्यापोटी बँक मुदत ठेवीवर बोजा चढवते. ठेव कंपनीच्या नावावर, पण हात लावता येत नाही.
ऑफिसभाड्याचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पर्यंत दीर्घ मुदतीचे बहुतेक भाडेकरार टिपेतच असत. नव्या मानकाने ते ताळेबंदात आणले. एक रुपयाही नवा न घेता कंपन्यांची देणी फुगली. या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची तुलना करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

७. तीन जागा जुळवाव्यात.
ऑडिटरच्या अहवालाच्या परिशिष्टात वादातल्या करांचा तक्ता असतो: कोणता कायदा, कोणतं वर्ष, किती रक्कम, प्रकरण कुठे अडकलंय. तो संभाव्य देण्यांच्या टिपेशी ताडावा. मग ‘इतर मालमत्ता’मध्ये वाद चालू ठेवून भरलेला कर किती ते पाहावं. कर परिशिष्टात आहे पण टिपेत नाही, याचा अर्थ व्यवस्थापनाला हरण्याची शक्यता दूरची वाटते किंवा तरतूद आधीच झाली आहे. यातलं नेमकं काय, हे विचारायचा भागधारकाला अधिकार आहे. आता वार्षिक सभा बहुधा ऑनलाइन होतात. वक्ता म्हणून आधी नाव नोंदवलं की बोलता येतं. लाभांश का वाढला नाही हे विचारणारे पुष्कळ असतात. आपण विचारावं, “अमुक प्रकरणाबद्दल तुमचं मत मागच्या वर्षीपासून बदललंय का?” उत्तर देताना वित्तप्रमुख कागद चाळायला लागले, तर प्रश्न बरोबर जागी लागला असं समजावं.